कोरसमधल्या चौघी

माझा भाऊ गोव्यातून कायमचा परत आला तेव्हा मी वेंगुर्ल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. साल दोन हजार तीन. लग्नांत आणि हॉटेलांत वाजवणाऱ्या एका बँडबरोबर तो तिकडे साउंडचं काम बघायचा. काळ्या वायरींची वेटोळी, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि टॉवेलात गुंडाळलेला माइक, एवढं घेऊन तो टेम्पोतून उतरला. कपड्यांची पिशवी मात्र टेम्पोतच विसरला.

"ह्या सगळ्याचा तू करतलंस काय?" आईने विचारलं.

"स्टुडिओ," दादा म्हणाला.

बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. तेव्हापासून घरात दादाचा शब्द चालायचा, आणि दादावर आईचा. घरामागे काजू ठेवायची वखार होती. काजूचा व्यापार बाबांबरोबरच संपला होता, वास तेवढा भिंतींत उरला होता. दादाने वखार झाडली, मला मधोमध उभं केलं आणि टाळी वाजवायला सांगितली. मी वाजवली.

"ऐकलंस? तू एक टाळी वाजवलंस आणि खोलयेन चार परत दिल्यान. माइक ह्या सगळा ऐकता. आपणाक फक्त तुझी होई."

मग आम्ही भिंतींवर गोधड्या टांगल्या. आमच्या पुरेनात म्हणून मी मैत्रिणींच्या घरून जुन्या मागून आणल्या. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, जमिनीवर काथ्याची पायपुसणी अंथरली. रोज संध्याकाळी दादा म्हणायचा, "वाजव." शेवटी एके दिवशी टाळी ओल्या मातीवर काहीतरी पडावं तशी पडली आणि तिथेच राहिली. दादाने मला उचलून गरगर फिरवलं. मी विशीतली मुलगी, पण लहानपणीसारखी ओरडले.

गाणी माझी होती. आमच्याकडे गणपतीत बायका फुगड्या घालतात, तेव्हा पुढे म्हणणारी एक लागते. दहावीपासून ते काम माझ्याकडे आलं होतं. जुन्या चालींवर मी स्वतःचे शब्द बसवायचे. एक गाणं सगळ्यांना फार आवडायचं:

खाडयेच्या पाण्यात चान्ना सांडला,
माज्या गवरीन पदरात बांधला.

"ह्याचीच कॅसेट काढूया," दादा म्हणाला. "तुझी गाणी, तुझो आवाज. मुंबयच्या एका कंपनीतलो माणूस माझ्या वळखीचो आसा."

आईने आधी नको म्हटलं. दोन-चार दिवस घरात नुसती धुसफूस. मग एका संध्याकाळी ती आणि दादा विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ बोलत बसले आणि आई तयार झाली. मला वाटलं, दादाने माझी बाजू लढवली.

पाऊस सुरू झाला की नळ्यांच्या कौलारू छपराखाली आवाज घेणं शक्य नव्हतं, म्हणून सगळं एप्रिल-मेमध्ये उरकायचं होतं. आम्ही दुपारी काम करायचो. तेव्हा गाव झोपलेलं असायचं आणि कावळेसुद्धा गप्प असायचे. घरातला फ्रिज बंद. वखारीतला पंखा बंद. कॉम्प्युटरचा पंखा घुमायचा, म्हणून दादाने कॉम्प्युटर भिंतीपलीकडे ठेवला आणि खिडकीच्या भोकातून वायरी आत घेतल्या. मी आत घामाने निथळत उभी, तो बाहेर. आम्हाला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. हेडफोनमध्ये त्याचा आवाज यायचा, थेट डोक्याच्या आत.

त्याने मला सगळं शिकवलं. माइकपासून एक वीत लांब उभं राहायचं. वरचा सूर लावताना किंचित मागे सरायचं, हळू म्हणताना जवळ यायचं. 'प' आणि 'भ' तोंडातून फुटतात आणि माइकवर आदळतात, म्हणून भरतकामाच्या रिंगवर माझी ओढणी ताणून त्याने मध्ये पडदा केला. "लाल दिवो लागलो म्हणजे आवाज फाटलो," तो म्हणायचा. "कमी घेतलेलो वाढवूक येता. फाटलेलो आवाज परत शिवूक येणा नाय." मला हे फार आवडलं होतं. मी कॉलेजात मैत्रिणींना सांगत सुटले होते.

गाणं संपलं की हेडफोनमध्ये थोडा वेळ काहीच नसायचं. मग यायचं, "आणि एकदा."

कधी शेवटचा सूर घसरला म्हणून, कधी लांबवर कुणाचा कुत्रा भुंकला म्हणून. पुष्कळदा काहीच चुकलेलं नसायचं. "आणि एकदा. आता गवरी समोर बसली आसा म्हणान गा." मी गायचे. लोडशेडिंग झालं की बाहेरचा यूपीएस किंचाळायचा आणि आम्ही अर्ध्यावर थांबायचो. मी बाहेर येऊन विहिरीचं पाणी तोंडावर मारायचे. दादा म्हणायचा, "गो बाय, तुझ्यासारखो आवाज मी गोव्यात आयकाक नाय." त्याला उगीच कौतुक करायची सवय नव्हती. मला ते शब्द दिवसभर पुरायचे.

संध्याकाळी तो मला कॉम्प्युटरसमोर बसवायचा. पडद्यावर माझा आवाज दिसायचा, डोंगरांच्या रांगेसारखा. प्रत्येक ओळीच्या आधी एक बारीकसा उंचवटा असायचा, तो माझा श्वास. एकाच गाण्याच्या पाच-सहा खेपांमधून चांगली-चांगली ओळ उचलून एकीमागे एक जोडायची, आणि जोड दिसू नये म्हणून तो श्वासाच्या आधी ठेवायचा, हे मी लवकर शिकले. काही दिवसांत ते काम दादापेक्षा माझ्या हातून सफाईने व्हायला लागलं. मला स्वतःचा श्वास ओळखू यायला लागला होता. कुठल्या ओळीआधी मी घाईने श्वास घेतला आणि कुठल्या ओळीआधी सावकाश, ते मी डोळे मिटून सांगू शकले असते.

कोरसला बायका मिळेनात. कोणाला आंबे उतरायचे, कोणाला लग्नाला जायचं. दादा म्हणाला, "तूच चारी जणी हो." मग मी एकच ओळ चार वेळा वेगवेगळी गायले. एकदा भसाड्या आवाजात, एकदा नाकात, एकदा म्हातारीसारखी, एकदा जशी आहे तशी. दादाने चारही आवाज एकावर एक ठेवून वाजवले. खरोखर चार बायका वाटत होत्या. आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो.

त्याच मे महिन्यात मला बघायला तोंडवलीहून लोक आले. मुलाची स्वतःची होडी होती, घर खाऊनपिऊन सुखी होतं. त्याने मला पोहण्याबद्दल विचारलं, "पेवता येता?" मी म्हटलं, "खाडयेत. दर्यात नाय." तो हसला. लग्न ठरलं, पण त्यांच्या आजोबांचं वर्ष व्हायचं होतं म्हणून पुढच्या उन्हाळ्यात करायचं म्हणाले.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस दोन दिवस थांबला होता तेव्हा, मुंबईचा तो कंपनीचा माणूस आला. पडवीत बसून त्याने सगळी गाणी ऐकली. 'खाडयेच्या पाण्यात' लागलं तेव्हा त्याने हातातली सोलकढीची वाटी खाली ठेवली.

"कोण गातंय हे?"

"घरचीच," दादा म्हणाला.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो काहीतरी बोलणार एवढ्यात आईने मला हाक मारली. चुलीवर मासे होते, ते बघायला सांगितलं. मी परत आले तेव्हा ते रस्त्याबद्दल आणि घाटातल्या दरडींबद्दल बोलत होते.

पुढच्याच आठवड्यात दादा सगळं घेऊन मुंबईला गेला. परत आला तो गप्प गप्प. मी विचारलं तर म्हणाला, "चतुर्थीच्या आधी कॅसेट येतली. सीडी पण."

चतुर्थीच्या आधीचा वेंगुर्ल्याचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. मी मैत्रिणीबरोबर गणपतीच्या डोक्यावर सजवतात त्या माटवीचं सामान घ्यायला गेले होते. हातात कवंडळाची रानफळं आणि तेरड्याची जुडी. कॅसेटच्या दुकानासमोर मैत्रिणीने माझा दंड धरला. "गो, तुझा गाणा!"

सुरुवातीची बासरी आमचीच होती, दादाने कीबोर्डवर वाजवलेली. मग ढोलकी. माझी ओळ सुरू होण्याआधी मी नकळत श्वास घेतला, कारण त्या जागी मी श्वास घ्यायचे. आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला.

गोड होता. माझ्यापेक्षा पातळ, तयारीचा. मी जिथे थांबायचे तिथे ती थांबत होती, मी जिथे सूर खाली सोडायचे तिथे तीही सोडत होती. ओळीच्या शेवटी मी सवयीने एक 'गो' लांबवायचे, तोही तिने तसाच लांबवला होता. फक्त 'चान्ना' तिला जमलं नव्हतं. ती 'चांदणा' म्हणत होती.

मग कोरस आला. भसाडी, नाकातली, म्हातारी आणि मी. कोरस माझाच ठेवला होता. त्या बाईच्या मागे मी चार वेळा उभी होते.

मैत्रीण म्हणाली, "ही तू नाय?" मी म्हटलं, "मागची मी." दुकानदाराने कॅसेट पुढे केली. कव्हरवर गणपतीच्या चित्राखाली दादाचं नाव होतं, त्या गाणारणीचं होतं. माझं कुठेच नव्हतं, शब्दांसाठीही नव्हतं. मी कॅसेट परत दिली.

घरी आले तेव्हा दादा वखारीच्या दारात वायर सोलत बसला होता.

"ती कोण?" मी विचारलं.

त्याने लगेच ओळखलं. "मुंबयची गाणारी आसा. कंपनीचो निर्णय. त्यांका नाव असलेली होई होती."

"आणि मी?"

"तुझो डमी होतो."

डमी म्हणजे काय ते त्यानेच मला शिकवलं होतं. खऱ्या गायकाला चाल आणि जागा कळाव्यात म्हणून आधी कुणाच्या तरी आवाजात गाणं म्हणून ठेवतात. खरा आवाज आला की तो पुसतात.

"माका कधी सांगतलंस?"

"सांगणार होतंय."

"कधी?"

तो वायर सोलत राहिला. आई आतून म्हणाली, "गो, भावावर कित्या आवाज चढवतंस? त्याचा नाव झाला ता बघ." मी त्यानंतर वखारीत गेले नाही. त्या वर्षी फुगडीलाही गेले नाही, पाय मुरगळला म्हणून सांगितलं.

पण कंपनीवर कोण रुसून बसणार? मुंबईच्या लोकांना गावची मुलगी नको झाली असेल, दादाचा तरी काय इलाज, अशी मी मनाची समजूत घातली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन तोंडवलीला आले. निघताना मी दादाच्या गळ्यात पडून रडले. तोही रडला.

सासरच्या पहिल्या चतुर्थीला अंगणात फुगड्या रंगल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "नवी सून, म्हण काय तरी." मला दुसरं काही सुचलं नाही. मी माझंच गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला शेजारची एक मुलगी थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "काकी, चान्ना नाय, चांदणा! सीडीत चांदणा आसा."

घरात तीही चान्नाच म्हणत असणार. बाकीच्या मुलींनीही माना डोलावल्या. मी 'चांदणा' म्हणून गाणं पुरं केलं.

सगळ्या गेल्यावर नवरा पडवीत जाळं नीट करत होता. तो म्हणाला, "तां गाणा तुझ्या दादाच्या कॅसेटीतला ना? तू मागे गातस त्याच्यात."

"तुका कोणी सांगला?"

"तुझ्या आवशीन. आमी बघूक इललंव तेव्हा. म्हणाली, कॅसेट येतली, पण आमचा चेडू फक्त मागे गाता, पुढे गाणारी दुसरी आसा." त्याने गाठ मारली. "आये माझी परतताना म्हणाली, पुढे गायल्यान असता तर काय बिघाडला असता? माका तर आवाडला असता."

हे लोक मला बघायला आले ते मे महिन्यात. तेव्हा माझी निम्मी गाणी गायची बाकी होती. मुंबईचा माणूस आला जूनमध्ये. त्याने माझा आवाज ऐकलासुद्धा नव्हता, आणि आईला पुढे गाणारी दुसरी आहे हे माहीत होतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि मी एसटीने माहेरी गेले. आई पडवीत अबोलीच्या फुलांचा वळेसर गुंफत होती. मी समोर बसले आणि विचारलं. तिने नाकारलं नाही.

"चेडवाचो आवाज बाजारात वाजतलो, पानाच्या दुकानार कोणय उभो ऱ्हवान आयकतलो. बापूस नाय घरात. तुझा लगीन करूचा होता माका. तुझ्या भावाक मी आधीच सांगललंय, तिका गावूक दी, पण तिचो आवाज बाहेर जाता नये. त्यान माका शब्द दिल्यान."

विहिरीच्या कठड्यावरचं त्यांचं ते बोलणं मला तेव्हा आठवलं.

"मग माका सांगूचा होता."

"सांगला असता तर तू गायली असतंस?"

तिने हे रागाने म्हटलं नाही. नुसतं विचारलं, हात चालवत. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तो मुंबयचो माणूस तुझोच आवाज मागी होतो. दोनदा बोललो. तुझ्या भावान सांगल्यान, तिचा लगीन ठरला, सासरची माणसा तयार नाय."

सासरच्या माणसांना कोणी विचारलंच नव्हतं.

मी मागे वखारीत गेले. गोधड्या जाऊन भिंतींना विकतचा स्पंज लागला होता, एसी बसला होता. दशावताराच्या नाटकांच्या सीड्या, लग्नाचे व्हिडिओ, दादाला फुरसत नव्हती. मला बघून तो खुर्चीतून उठला. आईशी माझं काय बोलणं झालं ते त्याने माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"माझो आवाज दी," मी म्हटलं. "मूळचो. माका दुसरा काय नको."

"नाय आता. हार्ड डिस्क भरली होती. दुसऱ्या कामाक जागा होई होती म्हणान पुसलंय."

"सगळा?"

"सगळा."

मी म्हटलं, "तुका पयल्या दिवसापासून म्हायत होता. मग 'आणि एकदा, आणि एकदा' कित्याक करी होतंस? डमीक एक खेप पुरता."

त्याने टेबलावरचा हेडफोन उचलून खुंटीला लावला. मग म्हणाला, "तू गाऊक लागलंस काय मी विसरान जाय."

"काय विसरान जाय?"

"पुसूचा आसा तां."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळलं. कदाचित म्हणूनच जास्त लागलं. परका माणूस फसवतो तेव्हा निदान त्याचं सगळंच खोटं असतं, रागावणं सोपं जातं. इथे त्या उन्हाळ्यातलं एकही हसू खोटं नव्हतं आणि तरी सगळं ठरलेलं होतं. भिंतीपलीकडून माझ्या डोक्याच्या आत बोलणारा आवाज, गवरी समोर बसली आहे म्हणणारा, आपण हे पुसणार आहोत हे माहीत असलेला माणूस होता. मी निघाले. त्याने थांबवलं नाही. आईने वळेसर दिला, तो मी एसटीत शेजारी बसलेल्या बाईला देऊन टाकला.

येणं-जाणं तुटलं नाही. आमच्याकडे तसं तुटत नाही. भाऊबिजेला तो यायचा, मी ओवाळायचे, ताटात जे टाकायचा ते घ्यायचे. त्याचंही लग्न झालं, दोघांना मुलं झाली, एकमेकांच्या बारशांना गेलो. आईच्या आजारपणात मी महिनाभर माहेरी राहिले, तिचं सगळं केलं. ती गेली त्या दिवसापर्यंत आम्ही दोघींनी हा विषय परत काढला नाही. तिला आपलं काही चुकलं असं शेवटपर्यंत वाटलं नसावं. एकुलती एक मुलगी चांगल्या घरी दिली, हेच ती येईल त्या बाईला सांगायची.

पुढे तोंडवलीला पर्यटक वाढले. नवरा मासेमारीबरोबर लोकांना होडीतून फिरवायला लागला. किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना सूचनांसाठी रेकॉर्ड केलेला आवाज हवा होता. रोज ओरडून त्यांचे घसे बसत होते. नवरा म्हणाला, "तू कर ना. तुका येता." घरात होडीच्या हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता, एक साधा माइक मागवला. कपड्यांचं कपाट उघडून, साड्यांच्या मध्ये तोंड घालून मी बोलले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये. लहान मुलांचा हात सोडू नये. समुद्रात प्लास्टिक टाकू नये. शुद्ध मराठीत, सावकाश. गाणं म्हणून बघावं असं एकदा मनात आलं होतं. माइक समोर होता, घरात कोणी नव्हतं. तोंड उघडलं आणि हेडफोनमध्ये कुणीतरी आता बोलेल असं वाटायला लागलं. मी बंद करून टाकलं.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात दादा त्याच्या मुलीला घेऊन आला. तिला होडीत बसायचं होतं. त्याचा स्टुडिओ तेव्हा जेमतेम चालला होता. लोक गाणी मोबाइलवरून मोबाइलवर घ्यायला लागले होते, सीडी कोणी विकत घेत नव्हतं. किनाऱ्यावर खांबाला बांधलेल्या भोंग्यातून माझ्या सूचना चालू होत्या. दादा थबकला. पूर्ण ऐकून घेतलं.

"खंय केलंस?"

"घरात. कपाटात."

"साफ इला. मागे काय्येक नाय." त्याने मान डोलावली.

मी त्याच्या मुलीला लाइफ जॅकेट घालत होते. ती भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्ये, ही तू? बाबा म्हणतत तू आधी गाणी म्हणी होतंस. खरा?"

"तुझ्या बाबांकच इचार," मी म्हटलं.

तिने वळून बापाकडे बघितलं. तो चपला हातात घेऊन केव्हाच पाण्यात उतरला होता, होडीची कड धरून उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि तिला उचलून नवऱ्याच्या हातात दिलं.